लष्करी ट्रेलरचा कॅम्पिंग ट्रेलर करावा का?

प्रेषक: सुहास, फ्रीमाँट
विषय: लष्करी ट्रेलर – कोणी केलाय का?

मंडळी, नमस्कार.

सरकारी लिलावाच्या साइटवर दोन ट्रेलर दिसतायत. एक लहान, एम४१६, जुन्या एम१५१ जीपमागे लावायचे तो. दुसरा एम१०१ए२, पाऊण टन माल वाहणारा. फोटोवरून तरी फारसे गंजलेले वाटत नाहीत. डोक्यात असं आहे की वर रूफटॉप तंबू, मागे किचन, पाण्याची टाकी, सोलर, आणि पोरांना घेऊन डेथ व्हॅलीच्या वाळवंटात, कच्च्या वाटेनं थेट सलाइन व्हॅलीपर्यंत. गाडी टोयोटा फोररनर, ५००० पौंड ओढते. त्यामुळे मोठाच घ्यावा म्हणतोय. बायकोचं म्हणणं, आधी गॅरेजमधली ट्रेडमिल विक. तो मुद्दा कृपया इथे उचलू नये.

सुहास

प्रेषक: विनायक, ऑबर्न
विषय: उत्तर: लष्करी ट्रेलर – कोणी केलाय का?

सुहास,

लहान घे. गाडी किती ओढते हा हमरस्त्यावरचा हिशेब. सलाइन व्हॅलीच्या वाटेवर विचारायचं ते मागचं धूड किती उड्या मारतंय हे. एम४१६ रिकामा साधारण ५७० पौंड भरतो आणि आडवाटेला त्यावर ५०० पौंड लादायचे, हे लष्करानंच ठरवलेलं माप आहे. एम१०१ए२ रिकामाच साडेतेराशेच्या घरात. म्हणजे लहानगा गच्च भरला तरी मोठ्या रिकाम्यापेक्षा हलका.

आता तुझी यादी त्या ५०० मध्ये बसवून बघ. तंबू दीडशे धर, त्याचा रॅक पन्नास-साठ. वीस गॅलन पाणी म्हणजे १६७ पौंड. झाले की पावणेचारशे! फ्रिज, बॅटरी, प्रोपेन, जॅक, कुकर, डाळतांदूळ अजून खालीच पडलेत. त्यात तू प्लायवूडचं ड्रॉवरवालं किचन करणार. यूट्यूबवर ते झकास दिसतं, पण दर खड्ड्यात ते वजन कमानपाट्यांवर आदळतं. माझं ऐकशील तर किचन बांधूच नकोस. झाकणाचे दोन पेटारे आणि एक घडीचं टेबल, बस्स. आणि एम४१६ला मागे उघडणारा फाळका नसतो. लोक ग्राइंडर घेऊन मागची बाजू कापतात आणि फाळका बसवतात. टपाची, म्हणजे ट्रेलरच्या उघड्या हौदाची, ताकद सलग पत्र्यात आहे, कापलास की गेली. शिवाय तो टप पाणी धरतो, म्हणून तर तळाला बूच दिलेत.

पैसे घालायचेच तर खाली घाल. मूळ चाक पाच नटांचं, साडेपाच इंचांच्या वर्तुळावरचं. फोररनरचं सहा नटांचं, वर्तुळ तेच. नवा ३५०० पौंडी अॅक्सल (चाकांचा आस) सहा नटांच्या हबसह कुठेही मिळतो आणि त्याला इलेक्ट्रिक ब्रेकही घेता येतात. मग गाडीचे नि ट्रेलरचे टायर एकाच मापाचे होतात, दोघांना एकच स्टेपनी. डेथ व्हॅलीत रेसट्रॅक नावाच्या सुक्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर टायर फाडणारे दगड किती आहेत ते गेलेल्यांना माहीत आहे. अॅक्सल घेताना रुंदी अशी घे की ट्रेलरची चाकं गाडीच्याच चाकोरीतून चालतील.

ट्रेलरच्या पुढची कडी आणि ती पकडणारा गाडीमागचा पिंटल हूक ही जोडी आडवाटेला उत्तम, ट्रेलर वाटेल तसा कलंडला तरी हूक सोडत नाही. फक्त हायवेवर खडखडाट इतका की गप्पा बंद. तो नको असेल तर सगळीकडून वळणारा ऑफरोड कपलर, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणारा सांधा, लाव. साधी दोन इंची बॉलची जोडणी मात्र नको, खोल नाल्यात तिला वळायला जागाच उरत नाही. जिभेवर, म्हणजे कपलरवर, एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार यायला हवा. कमी पडला की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. पाण्याची टाकी अॅक्सलच्या जरा पुढे बसव, अर्धं काम तिथेच होतं.

दिव्यांचं वायरिंग २४ व्होल्टचं असतं. दुरुस्त करत बसू नकोस, उपटून टाक. १२ व्होल्टचे एलईडी लाव आणि अर्थिंगची वायर वेगळी ओढ. चासीवर अर्थिंग दिलंस तर गंज चढल्यावर दिवे लागतील की नाही ते देव जाणे.

कायद्याचंही बघ. आपल्याकडे कॅलिफोर्नियात कॅम्प ट्रेलर १५०० पौंड किंवा वर गेला की ब्रेक सक्तीचे, साध्या मालवाहूला हीच मर्यादा ३०००. मोठा घेतलास तर तंबू चढवायच्या आधीच त्या १५०० च्या दारात पोचलास. आणि ट्रेलर मागे असला की इथे कमाल वेग ताशी ५५ मैल, मग रस्ता कितीही मोकळा असो.

विनायक

प्रेषक: मेधा, डेव्हिस
विषय: उत्तर: लष्करी ट्रेलर – रंगाबद्दल

सुहास, ग्राइंडर हा शब्द वाचून लिहायला बसले. माझी नोकरी औद्योगिक रंगांतलीच होती, म्हणून सांगते.

तो मळका हिरवा किंवा वाळूसारखा रंग साधा नसतो. लष्कर त्याला कार्क म्हणतं, रासायनिक अस्त्रांचे अंश मुरू नयेत म्हणून दिलेला पॉलियुरेथेनचा थर. वाळलेल्या रंगाला हात लावल्यानं काही होत नाही. पण त्यावर वेल्डिंग केलंस किंवा टॉर्च मारलास की आयसोसायनेटची वाफ निघते, आणि ती फुप्फुसाला एकदा झोंबली की कायमचा दमा मागे लागू शकतो. त्याखालच्या प्रायमरमध्ये विषारी क्रोमेट असू शकतं. एम४१६ त्याहून जुना असेल तर शिसंही.

म्हणून कोरडं घासायचं नाही. ओल्या कागदानं पृष्ठभाग फक्त खरबरीत कर आणि वरून नवा रंग दे, पोपडे नसतील तर मुळापर्यंत खरवडायची गरजच नाही. वेल्डिंगच्या जागेचा रंग आधी केमिकल स्ट्रिपरनं चांगला चार-सहा इंच मागे हटव. मास्क बारीक धूळ अडवणारा, पी-१०० चा, कोविडचा उरलेला निळा नव्हे. मुलं जवळपास नकोत, आणि ते कपडे घरच्या मशीनमध्ये टाकू नकोस.

बाकी चालू द्या. ट्रेडमिलबद्दल मी तुझ्या बायकोच्या बाजूनं आहे.

मेधा

प्रेषक: शिरीष, सनीवेल
विषय: उत्तर: उत्तर: लष्करी ट्रेलर

सासरे सध्या आमच्याकडे आहेत. खडकीच्या ५१२ आर्मी बेस वर्कशॉपमधून निवृत्त. त्यांना दोन्ही फोटो दाखवले. चष्मा वर करून बराच वेळ पाहिले, मग म्हणाले, "टपात पाणी भरायला सांग. वरून नाही, खालून बघायचं कुठे ठिबकतं. आणि चाक हातानं धरून हलव. खडखड झाली तर बेअरिंग गेलं, घुं घुं आवाज आला तर जाणार आहे."

आणखी त्यांचं म्हणणं असं की हे पाटे लादलेल्या ओझ्यासाठी असतात, रिकामा नेलास तर चेंडूसारखा उडेल. तेव्हा एखादा पाटा कमी करायचा की नाही ते सगळं सामान भरून, काट्यावर वजन करून मग ठरव, आधी नाही. टायरची हवा कमी करताना ट्रेलरची पण कर, लोक गाडीची करतात आणि मागचं विसरतात. हे शेवटचं माझं, त्यांचं नव्हे.

शिरीष

प्रेषक: सुहास, फ्रीमाँट
विषय: उत्तर: उत्तर: लष्करी ट्रेलर

विनायकदादा, मेधाताई, शिरीष, आणि काकांना नमस्कार सांग.

मोठ्याचा नाद सोडला. पण किचन नाही म्हणजे सकाळचे पोहे कुठे करायचे? आणि सलाइन व्हॅलीतली धूळ? रस्ता म्हणजे पत्र्याची पन्हाळी असं ऐकलंय. कागदपत्रांचंही सांगा, लिलावात टायटल, म्हणजे मालकीचा दाखला, मिळत नाही म्हणे.

सुहास

प्रेषक: विनायक, ऑबर्न
विषय: उत्तर: उत्तर: लष्करी ट्रेलर

पोहे टेबलावर. दोन शेगड्यांचा प्रोपेन स्टोव्ह पेटाऱ्यातून काढायला कितीसा वेळ लागतो? धुळीसाठी पेटाऱ्यांनाच रबरी पट्टीची झाकणं घे. अख्खा टप धूळबंद करायला जाऊ नकोस, तिथली धूळ पिठासारखी बारीक, कुठूनही शिरते. पोहे, रवा, तिखट सगळं फिरकीच्या डब्यात. दाबाचे डबे पन्हाळीवर उघडतात आणि मग हळद सगळ्या झोपायच्या पिशव्यांवर.

टायटलऐवजी सरकार एसएफ-९७ हे प्रमाणपत्र देतं. ते, लिलावाची पावती आणि व्हीआयएन (ओळख क्रमांक) तपासणीचा फॉर्म घेऊन डीएमव्हीत, म्हणजे वाहन नोंदणी कार्यालयात, जायचं. जागेवर पहिलं काम ट्रेलरवरच्या डेटा प्लेटचा फोटो. प्लेटवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर अक्षरशः एक हवा. एखादा आकडा जरी वेगळा असेल तर बोलीच लावू नकोस, ट्रेलर कितीही देखणा असो.

प्रेषक: मंडळाच्या खजिनदार
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: लष्करी ट्रेलर

सुहास, ट्रेलर आलाच तर गणपतीच्या मखराचं सामान स्टोरेजमधून हॉलवर आणायचं काम तुझं. दर वर्षी भाड्याच्या ट्रकचे पैसे जातात.

प्रेषक: सुहास, फ्रीमाँट
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: लष्करी ट्रेलर

मखर आणीन, ढोल नाही. ते वजन जिभेच्या हिशेबात बसत नाही.

लिलावाआधी यार्डात जाऊन ट्रेलर बघता येतो. शनिवारी सकाळी जातोय. शिरीष, काका येणार असतील तर मी घ्यायला येतो. चाक हलवून बघायचं काम त्यांनीच करावं. मेधाताई, स्ट्रिपर कुठला घेऊ ते कळव. टपात भरायला पाणी यार्डवाले देतील का, ते आज फोन करून विचारतो.