जंगलातल्या डोंगरवाटा: आखलेली वाट सोडायची मुभा असावी का?

पाऊलखूण:

डोंगराळ जंगलाच्या कुठल्याही संरक्षित उद्यानात नकाशावर एक वाट असते आणि जमिनीवर तिच्या आजूबाजूला अनेक. दोन वळणांना सरळ जोडणारा शॉर्टकट, चिखल चुकवायला बाजूने पडलेली वाट, धबधब्याकडे उतरणारी, फोटोच्या खडकाकडे जाणारी. माझं म्हणणं असं की अशा उद्यानात आखलेल्या वाटेवरूनच चालायचा नियम हवा, आणि हे फाटे बुजवून टाकायला हवेत.

जंगलातली वरची माती भुसभुशीत असते. पालापाचोळा, बारीक मुळं, बुरशीचे धागे यांनी ती धरलेली असते आणि पाणी तिच्यात मुरतं. पावलांनी ती दाबली गेली की मधल्या पोकळ्या मिटतात, पाणी मुरायचं थांबतं आणि वरून वाहू लागतं. नुकसानीचा मोठा वाटा सुरुवातीच्या थोड्या वर्दळीतच होऊन जातो. त्यानंतर माणसं वाढली तरी त्या पट्ट्याची हालत त्या प्रमाणात बिघडत नाही. पायदळी तुडवल्या जाणाऱ्या जमिनीचा अभ्यास करणाऱ्यांनी हे पुन्हापुन्हा दाखवून दिलंय. म्हणजे शंभर माणसं एकाच वाटेने गेली तर एक पट्टा जातो, आणि तीच दहा वाटांनी गेली तर दहा पट्टे.

शॉर्टकट तर सगळ्यात घातक. तो उताराच्या थेट दिशेने पडतो, म्हणून पावसाचं पाणी त्यातूनच धावतं. आधी ओघळ, मग घळ, मग झाडांची मुळं उघडी.

स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय उद्यानात (स्थापना 1914) वाट सोडायला पूर्ण मनाई आहे आणि कुत्रा साखळीला बांधूनही नेता येत नाही. तरीही लोक तिथे आवर्जून चालायला जातात. मग बाकी ठिकाणी हे का जमू नये?

रानभूल:

पूर्णपणे असहमत.

नॉर्वेत 1957 च्या कायद्याने आणि स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने मोकळ्या रानात हिंडण्याचा हक्क दिलाय. तिथले डोंगर काही उजाड झाले नाहीत. हक्क मिळतो तेव्हा माणूस जबाबदारीही शिकतो. सतत 'इथे पाय ठेवू नका' ऐकणाऱ्याला त्या जंगलाबद्दल आपलेपणा वाटणार कुठून?

दुसरं, वाट दाखवणाऱ्या बाणांच्या मागे चालणारा बाणच शोधत राहतो. डोंगराची सोंड कुठे उतरतेय, पाण्याचा आवाज कुठून येतोय, झाडोरा कुठे बदलला, ऊन कुठल्या अंगाला आहे, हे वाचायची त्याला गरजच पडत नाही. डोंगर वाचता येणं हे कौशल्य आहे, आणि ते पाटीवरून येत नाही.

शिवाय ज्या वाटेला तुम्ही पवित्र मानताय ती तरी काय आहे? डोंगर कापून, झाडं तोडून, पायऱ्या आणि कठडे बसवून केलेला हस्तक्षेपच ना? जंगलातून गुपचूप, एकट्याने जाणाऱ्यापेक्षा तो कितीतरी मोठा.

पाऊलखूण:

रानभूल, तुम्ही सांगितलेल्या दोन्ही देशांत हा हक्क जबाबदारीने वागण्याच्या अटीवर आहे. आणि तो सर्वसाधारण मोकळ्या जमिनीचा नियम आहे. मी बोलतेय ती जागा मुद्दाम राखून ठेवलेली आहे. राखलेल्या जागेचे नियम मोकळ्या रानापेक्षा कडक असणारच, नाहीतर ती राखली कशाला?

एकट्याने गुपचूप जाणाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नियम लिहिताना तोच एकटा डोळ्यांसमोर ठेवता येत नाही.

तांबट:

पाऊलखूणशी सहमत. एक मुद्दा जोडतो, प्राण्यांचा. माणसं रोज त्याच वाटेने, त्याच वेळेला जात असतील तर बरेच प्राणी त्याची सवय करून घेतात, वाटेपासून अंतर राखून आपलं चरणं चालू ठेवतात. अचानक झाडीतून माणूस निघाला की मात्र तेच प्राणी लांबूनच पळ काढतात. विणीच्या काळात घरट्यावरून पक्षी उडाला तर अंडी उघडी पडतात. उडवणाऱ्याला ते कळतही नाही, तो पुढे निघून गेलेला असतो.

कुदळ-फावडं:

वाटदुरुस्तीच्या कामात अनेक वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दोन्ही बाजू माणसाच्या स्वभावावर भांडताहेत आणि वाटेकडे कुणी बघतच नाहीये.

फाटा पडतो तिथे बहुतेक वेळा मूळ वाटच चुकीची असते. आमच्या कामात एक साधा नियम आहे: वाटेचा चढ ती ज्या डोंगरउतारावरून जाते त्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. डोंगर 40 टक्के उताराचा (म्हणजे 100 फूट आडव्या अंतरात 40 फूट चढणारा) असेल तर वाट 20 च्या आत. आणि एकूण वाटेची सरासरी 10 टक्क्यांच्या आसपास. हे मोडलं की पाणी वाट ओलांडून खाली जाण्याऐवजी वाटेतूनच वाहतं. त्याशिवाय वाटेची बाहेरची कड जराशी, साधारण 5 टक्के, खाली हवी आणि चढत्या वाटेला मधूनमधून छोटी उतरण द्यायला हवी, म्हणजे साचलेलं पाणी तिथे बाहेर पडतं.

हे केलं नाही की वाटेचा नाला होतो. दगड उघडे पडतात, घसारा तयार होतो. लोक साहजिकच कडेच्या गवतावरून चालतात. मग ती कडही झिजते आणि वाट दुप्पट रुंद होते. पायऱ्यांचंही तसंच. पायरी गुडघ्याएवढी उंच केली तर उतरणारा शेजारच्या मातीवरूनच उतरणार. तिथे दंडाची पाटी लावून काय होणार?

वळणांचं तर विचारूच नका. एका वळणावरून खालचं वळण समोर दिसत असेल तर लोक ते तोडणारच. वळण मोठ्या खडकाच्या किंवा दाट झाडीच्या आड घ्यावं आणि दोन वळणांमध्ये लांब पल्ला ठेवावा. चांगल्या आखणीत शॉर्टकट सुचतच नाही.

म्हणून नियमाला माझा विरोध नाही, पण आधी वाट धड करा, मग नियम करा.

रानभूल:

कुदळ-फावडं, फार छान लिहिलंत. म्हणजे दोष चालणाऱ्याचा नाही हे तरी कुणीतरी मान्य केलं.

तांबट:

चालणाऱ्याचा दोष नाही असं कसं? न्यूझीलंडमधल्या कौरी वृक्षांचं उदाहरण घ्या. फायटोफ्थोरा नावाच्या गटातला एक सूक्ष्मजीव त्यांची मुळं कुजवतो, आणि तो मातीतून पसरतो. बुटाला चिकटलेली चिमूटभर मातीसुद्धा पुरते. त्यावर इलाज सापडलेला नाही. म्हणून वाटांच्या तोंडाशी बूट घासायची आणि जंतुनाशकाची सोय केली. 2018 मध्ये ऑकलंडजवळच्या वाइताकेरे डोंगररांगेतलं बहुतेक जंगल लोकांसाठी बंद करावं लागलं. नंतर खडी टाकून, लाकडी फळ्यांच्या उंच वाटा करून काही वाटा उघडल्या. तिथे वाट सोडून हिंडणारा कितीही जाणता असला तरी बूट त्याचेच आहेत.

मी तर पुढे जाऊन म्हणेन की प्रत्येक उद्यानात एखादं पूर्ण खोरं बिनवाटेचं ठेवावं. तिथे कुणीच नाही, आपणही नाही.

रानभूल:

कौरीचं उदाहरण मान्य. जिथे असा रोग आहे तिथे बंदी घाला, मी स्वतः पाळेन. पण एका ठिकाणचं कारण सगळीकडे लावू नका.

आणि पाऊलखूण, तुमचाच सिद्धांत उलटा वाचून बघा. थोड्या वर्दळीने सर्वात जास्त नुकसान होतं म्हणता ना? मग जिथे मुळात वाटच नाही अशा भागात माणसांनी एकामागोमाग न चालता पसरून चालावं, म्हणजे कुठल्याच जागेवर वाट पडण्याइतकी पावलं पडत नाहीत. रानात हिंडणाऱ्यांसाठीच्या 'मागे खूण ठेवू नका' या तत्त्वांतही हेच सांगितलंय: वर्दळीच्या भागात वाटेवर राहा, अस्पर्श भागात पसरा. म्हणजे वाट सोडणं ही चूक नाही, कुठे आणि कशी सोडायची याचा प्रश्न आहे.

गर्दीच खटकत असेल तर माणसं मोजा. अमेरिकेतल्या योसेमिटी उद्यानात हाफ डोम या खडकाळ शिखरावर चढायला लावलेल्या तारांवर दिवसाला 300 जणांनाच परवाना देतात. न्यूझीलंडच्या मिलफर्ड वाटेवर हंगामात स्वतंत्र जाणाऱ्यांपैकी रोज 40 जणांनाच सोडतात, तेही एकाच दिशेने. आकडा ठरवा आणि आत आलेल्याला मोकळं चालू द्या.

पाऊलखूण:

मुद्दा बरोबर आहे आणि ते तत्त्व मलाही मान्य आहे. पण त्याला एक अट आहे: माणसं खरोखर पसरली पाहिजेत. आता तसं होत नाही. तुम्ही एकटे बिनवाटेच्या सोंडेवरून वर जाता, फोन तुम्ही चाललेल्या मार्गाची रेघ नकाशावर नोंदवतो, तुम्ही ती इंटरनेटवर टाकता. पुढच्या शनिवारी चौघं तीच रेघ धरून त्याच दोन झाडांमधून जातात. ती रेघ पाहून आणखी काही. पूर्वी वाट पडायला आधी माती झिजावी लागायची, तेवढ्यात पाऊस तिला पुसायचाही. आता वाट आधी फोनवर पडते आणि मग जमिनीवर. पसरून चालायचं तत्त्व या एका गोष्टीने निकामी केलंय, म्हणून मी सरसकट नियमाची बाजू घेते.

परवान्यांना माझा विरोध नाही. पण 40 माणसंसुद्धा एकाच नोंदवलेल्या रेघेवरून गेली तर ती रेघ उमटायला पुरेशी आहेत.

दोरखंड:

शोधकार्यात मदतीला जातो, म्हणून तेवढंच सांगतो. आखलेली वाट असली की हरवलेल्याला शोधायची सुरुवात कुठून करायची हे ठरवता येतं. तो कुठल्या फाट्याला चुकला असेल याचा अंदाज बांधता येतो. फाटे जितके जास्त, तितके हे अवघड. धुक्यात, अंधारात चोरवाट आणि खरी वाट सारखीच दिसते. आणि कृपा करून दगडांचे मनोरे रचू नका. कुणीतरी ते खूण समजून चालत जातं.

कुदळ-फावडं:

फाटे बुजवायचेच असतील तर नीट बुजवा. फांदी आडवी टाकली की लोक ती ओलांडून जातात. मूळ वाटेवरून जेवढा भाग नजरेला दिसतो तेवढ्याचा तरी आकार मोडावा लागतो. दाबलेली माती खणून मोकळी करायची, पाणी अडवायला आडवे ओंडके निम्मे पुरायचे, वर तिथलाच पालापाचोळा आणि काटक्या पसरायच्या, तिथलीच रोपं लावायची. बाहेरची माती आणि रोपं नकोत, तांबट यांनी सांगितलेलाच धोका. खालचा भाग मग हळूहळू आपोआप भरतो. उताराच्या फाट्यावर हे काम पावसाआधी केलं नाही तर सगळं वाहून जातं.

रानभूल:

शॉर्टकट बुजवा, चिखलाच्या बाजूवाटा बुजवा, माझी हरकत नाही. फोनवर रेघ न टाकण्याचंही मी इतरांना सांगेन, तो मुद्दा पटला.

पण धबधब्याकडची आणि खडकाकडची वाट वेगळी आहे. लोक तिथे जातात कारण तिथे बघण्यासारखं काहीतरी आहे आणि आखणाऱ्याने ते वगळलंय. कुदळ-फावडं यांच्या नियमाने तिथे एक धड वाट काढून द्या. ती नसताना नुसती बंदी घातली तर त्या उतारावर एकाच्या जागी तीन वाटा पडतील.

पाऊलखूण:

खडकाची वाट धड करून द्यावी, हे पटतंय. धबधब्याची नाही. तिथला काठ कायम ओला, माती पातळ, शेवाळावर पाय पडला की ते सोलून निघतं. कितीही चांगली आखली तरी ती वाट टिकणार नाही. तिथे वरूनच, पक्क्या जागेवरून पाणी दिसेल अशी सोय करावी आणि खाली उतरणं बंद.