मदत हवी आहे: जर्मन शेफर्ड भरपूर खातो, पण वाळत चाललाय (इंदूर)

नमस्कार मंडळी. आमचा शेरू दोन वर्षांचा, जर्मन शेफर्ड. खाणं राक्षसासारखं, तरी बरगड्या मोजता येतात. शी दिवसातून चार-पाच वेळा, ढीगभर, फिकट पिवळी, तेलकट, आणि वास असा की शेजारच्या काकू खिडकी लावून घेतात. वर स्वतःची शीच खायला धावतो. उलटी नाही, रक्त नाही, खेळतो मजेत.

जंताचं औषध झालं, शी तपासली, जिआर्डिया (आतड्यातला सूक्ष्म परजीवी) नाही. अँटिबायोटिकने थोडे दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. आता डॉक्टरांना स्वादुपिंडाची शंका आहे: पाचक रस पुरेसे बनत नाहीत, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही. या जातीत हे बरंच दिसतं म्हणे. त्यासाठी उपाशीपोटी रक्त घेऊन टीएलआय (स्वादुपिंड पाचक रस पुरेसे बनवतंय का ते दाखवणारी) तपासणी करायची आहे, सोबत बी-१२ जीवनसत्त्वाची सुद्धा.

इंदूरमध्ये हा नमुना कोण घेतं आणि पुढे पाठवतं? महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात कुणी करून घेतली आहे का? खर्च साधारण किती? आणि निदान हेच निघालं तर एन्झाइमची (पाचक रसांची) पावडर आयुष्यभर प्रत्येक जेवणात कालवावी लागते. ती इथे मिळते की मागवावी लागते? माणसांच्या कॅप्सूल फोडून कुणी दिल्यात का, डॉक्टरांच्या सल्ल्याने?

दही-भात, ईसबगोल सगळं करून झालंय, ते कृपया सुचवू नका. आणि आमच्या आजोबांना कुणीतरी समजवा, सकाळच्या पोह्यांवरची शेव त्याला चारणं काही थांबत नाही!