समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला पदवीनंतर लगेच प्रवेश घ्यावा का?

मूळ मांडणी

पदवी हाती पडताच समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी अर्ज करू नये, किमान दोन वर्षे एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करावे आणि मगच वर्गात येऊन बसावे, असे माझे मत आहे. गेली काही वर्षे प्रवेशार्थींची हेतुपत्रे, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचा हे सांगणारी निवेदने, वाचण्याचे काम माझ्याकडे येते, आणि थेट पदवीवरून आलेल्या अर्जांमध्ये 'मला लहानपणापासून लोकांना मदत करायला आवडते' हे वाक्य जवळपास त्याच शब्दांत पुनःपुन्हा भेटते. ते खोटे नसते, पण त्यात दुसरा माणूसच नसतो. याउलट, काम करून आलेल्या एका अर्जदार मुलीने लिहिले होते की, घरात मारहाण सोसणाऱ्या एका बाईला तिने तीन वेळा निवाऱ्याची जागा मिळवून दिली आणि तिन्ही वेळा ती बाई घरी परतली. आता आपल्याला त्या बाईचा नव्हे, तर आपल्याच समजुतीचा अभ्यास करायचा आहे, असे तिने पुढे म्हटले होते. अशा विद्यार्थिनीला सिद्धान्त शिकवणे सोपे जाते, कारण प्रश्न तिच्याजवळ आधीच असतो.

आधी काम आणि मग वर्ग, हाच या विषयाचा जन्मक्रमही आहे. अमेरिकेतल्या समाजकार्याच्या एक प्रवर्तक जेन ॲडम्स यांनी शिकागोत हल हाऊस हे गरीब वस्तीतले सेवाकेंद्र सुरू केले ते १८८९ मध्ये. समाजकार्यकर्त्यांसाठी न्यूयॉर्कमधला पहिला उन्हाळी प्रशिक्षण वर्ग भरला तो १८९८ मध्ये. अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्सहार्ट यांनीही मुंबईत आधी १९२६ मध्ये नागपाडा नेबरहूड हाऊस हे तसेच वस्तीतले केंद्र उभे केले, आणि सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची पदव्युत्तर शाळा त्यानंतर दहा वर्षांनी, १९३६ मध्ये आली.

प्रतिसाद १

इतिहासाचा दाखला दिलाच आहे तर तो पुरता पाहावा. प्रशिक्षण देणारी शाळा हवी, अशी जाहीर मागणी अमेरिकन समाजकार्यकर्त्या मेरी रिचमंड यांनी १८९७ मध्ये टोरांटोच्या परिषदेत केली, तेव्हा त्यांच्यामागे बाल्टिमोरच्या धर्मादाय संस्थेतला काही वर्षांचा अनुभव होता. त्यांचे म्हणणे असे होते की, आम्ही चाचपडत आणि चुका करत जे शिकलो, ते चाचपडणे पुढच्यांच्या वाट्याला येऊ नये. म्हणजे अनुभवी बाईनेच सांगितले की नुसत्या अनुभवाची किंमत फार आहे, आणि ती किंमत कार्यकर्ता चुकवत नाही, त्याच्यासमोर बसलेला माणूस चुकवतो.

मी स्वतः आपण सुचवता तसा तीन वर्षे काम करून मग प्रवेश घेतला. त्या तीन वर्षांत मी अर्ज भरून देणे, कागद पुढे सरकवणे आणि लोकांना चांगले-वाईट सांगणे यांत तरबेज झालो होतो. पहिल्या सत्रातल्या क्षेत्रकार्यात, म्हणजे अभ्यासक्रमाचाच भाग असलेल्या प्रत्यक्ष कामात, एका बाईंच्या घरी दिलेल्या भेटीची प्रक्रिया-नोंद, म्हणजे कोण काय बोलले याची तपशीलवार नोंद, लिहून दिली, तेव्हा माझ्या पर्यवेक्षिकेने 'मी त्यांना समजावले' या शब्दांखाली पाच ठिकाणी रेघ ओढली आणि एवढेच विचारले की, या तासाभरात त्या बाई काय म्हणाल्या. मला उत्तर देता आले नाही. सेवार्थीचा, म्हणजे मदत घेणाऱ्या माणसाचा, स्वयंनिर्णयाचा हक्क, निवाडा न करण्याची वृत्ती ही समाजकार्याचे अभ्यासक फेलिक्स बिस्टेक यांनी मांडलेली तत्त्वे पाठ करायला मला एक संध्याकाळ पुरली. पण तीन वर्षांत जडलेली सवय सुटायला दोन सत्रे लागली. माझ्याशेजारी बसणाऱ्या, थेट पदवीवरून आलेल्या मुलीला ऐकून घेणे पहिल्या महिन्यातच जमले, कारण तिला आधी काही विसरायचे नव्हते.

प्रतिसाद २

मी मूळ मांडणीच्या बाजूने आहे, आणि त्यामागे माझेच उदाहरण आहे. एकविसाव्या वर्षी मी थेट प्रवेश घेतला आणि पहिले क्षेत्रकार्य एका रुग्णालयात मिळाले. दुसऱ्याच आठवड्यात एका लहान मुलाच्या आजाराबद्दल त्याच्या वडिलांशी बोलताना मला रडू फुटले, ते गृहस्थ स्वतःचे दुःख बाजूला ठेवून मलाच धीर देऊ लागले, आणि पुढच्या भेटीत त्यांनी मला काहीही सांगितले नाही, बहुधा मला त्रास होईल म्हणून. त्यांना आधाराची गरज होती त्या दिवसांत त्यांनी मला सांभाळले, ही गोष्ट मी विसरू शकत नाही. आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्य, उरलेले दिवस व्याख्याने आणि अहवाल, अशा रचनेत असे प्रसंग पचवायला वेळच मिळत नाही. आधी एखादे वर्ष जरी अशा ठिकाणी वावरले असते, तरी निदान मला माझी मर्यादा माहीत झाली असती.

प्रतिसाद १ (पुन्हा)

आपला अनुभव मनाला भिडला, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. त्या भेटीनंतर कुणी आपल्यासोबत बसले होते का? नसेल, तर उणीव आपल्या वयाची नव्हती, पर्यवेक्षणाची होती. एखाद्या संस्थेत नोकरी करताना हाच प्रसंग घडला असता, तर दुसऱ्या दिवशी आपल्याला पुढच्या खाटेकडे पाठवले असते.

प्रतिसाद २ (पुन्हा)

नाही, कुणी बसले नव्हते. नोंदवही सत्राच्या शेवटी एकदाच तपासली गेली.

प्रतिसाद ३

दोन वर्षांची अट ऐकायला रास्त वाटते, पण ती कुणाला परवडते याचा विचार इथे अजून झालेला नाही. या क्षेत्रातली सुरुवातीची कामे बहुतेकदा तुटपुंज्या मानधनाची असतात आणि पुष्कळशी विनावेतन असतात. ज्यांच्या कमाईवर घर अवलंबून नाही तेच असा अनुभव गाठीला बांधू शकतात, आणि मग ज्या वस्त्यांमध्ये आपण कामाला जातो तिथल्याच मुलामुलींना आपण दारातून परत पाठवतो. ज्या मुलीने दहा वर्षे आजारी आईची शुश्रूषा केली, धाकट्या भावंडांसाठी शाळेचे आणि रेशनचे उंबरे झिजवले, तिच्याकडे अनुभवाचे प्रमाणपत्र नसते एवढेच.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अमेरिकेत समाजकार्याच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी परिषद पदव्युत्तर पदवीसाठी किमान ९०० तासांचे क्षेत्रकार्य बंधनकारक करते, आणि त्याच वेळी आधीच्या नोकरीच्या किंवा जीवनानुभवाच्या बदल्यात श्रेयांक देण्यास मनाई करते. कुणी दहा वर्षे काम करून आला तरी त्या तासांत सूट नाही, कारण तिथे तास मोजले जातात ते देखरेखीखालच्या शिक्षणाचे.

मूळ मांडणी करणारीचे उत्तर

प्रतिसाद ३ मधला पहिला मुद्दा मला मान्य आहे आणि दोन वर्षांची सरसकट अट मी मागे घेते. मी अनुभव मोजायला निघाले होते आणि नकळत ऐपत मोजत होते. मात्र घरच्या दुःखाबद्दल एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. स्वतःची जखम हेतुपत्रात लिहिणारे अर्जदार बरेच असतात. ती लिहू नये असे मुळीच नाही, पण आपले दुःख हेच आपले पात्रतापत्र आहे असे मानून आलेला विद्यार्थी पुढे प्रत्येक सेवार्थीत स्वतःलाच पाहू लागतो. आईची शुश्रूषा करणाऱ्या त्या मुलीने आईला काय हवे होते आणि आपण काय केले यातले अंतर लिहिले, तर तो अर्ज मी सगळ्यात वर ठेवीन.

प्रतिसाद १ शी मात्र माझे भांडण शिल्लक आहे. पर्यवेक्षण चांगले असेल तर थेट प्रवेश चालेल, हे तत्त्व म्हणून पटते. पण प्रतिसाद २ मध्ये जे घडले ते अपवाद नाही. म्हणून थेट अर्ज करणाऱ्यांनी प्रवेश घेण्यापूर्वी तिथल्या वरच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठून तीन गोष्टी विचाराव्यात: पर्यवेक्षकासोबतची वैयक्तिक बैठक दर आठवड्याला होते की कागदावरच राहते, क्षेत्रकार्याच्या जागी समाजकार्य शिकलेले कुणी असते का, आणि एका पर्यवेक्षकाकडे किती विद्यार्थी सोपवलेले असतात. उत्तरे समाधानकारक नसतील आणि दुसरीकडे जाण्याची सोय असेल, तर एक वर्ष थांबावे, असे मी आजही म्हणेन.

प्रतिसाद २ (पुन्हा)

हे तीन प्रश्न मला कुणी सांगितले असते, तर मी त्याच वर्षी, पण दुसरीकडे अर्ज केला असता.