बीकेसीतले दोन महिने: शिक्षण की फुकट हमाली?

गिरगावकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'समर इंटर्नशिप म्हणजे एसीत बसून फुकट हमाली, पोरांनी करूच नये.' राहवलं नाही. माझी मुलगी मे-जूनमध्ये बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका ऑफिसात, इंटर्न होती. तीन आठवडे नुसती जुनी बिलं जुळवली. चौथ्यात एकच बिल दोनदा चढलेलं तिच्याच नजरेला पडलं. बीकॉमला जीएसटीचे मार्क पडले होते, पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, काय असते ते तिथे कळलं.

कल्याणची: स्टायपेंडचं सोयीस्कर विसरलात काका. मला शून्य. सर्टिफिकेटवर आडनावही चुकलेलं.

गिरगावकर: हिलाही प्रवासखर्चच मिळाला. कुरकुर नाही केली.

कल्याणची: चर्नी रोडहून सकाळी वांद्र्याला, म्हणजे गर्दीच्या उलट दिशेने! कुरकुर कशाला कराल? आम्ही कुर्ल्यापर्यंत लोंबकळत, मग शेअर रिक्षाची रांग. आणि कन्सेशनचा पास फक्त घर ते कॉलेज. माझं कॉलेज उल्हासनगरला, म्हणजे कुर्ल्याचा पास पूर्ण पैशांचा.

लोकलपीडित: पासाचा विषय काढलात ते बरं झालं! माझ्या भाच्याला कॉलेजच्या कन्सेशन पासावर इंटर्नशिपला जाताना टीसीने धरलं. इंटर्नशिपचं पत्र दाखवलं तर म्हणाला, फ्रेम करून घरी लाव.

गिरगावकर: आता मेट्रो 3 थेट बीकेसीत जाते की.

लोकलपीडित: आरे ते कफ परेड जाते साहेब. कल्याण त्यात कुठे येतं? दक्षिण मुंबईच्या बाहेर माणसं राहतात हे माहीत आहे ना?

गिरगावकर: चाळीत वाढलोय, मलबार हिलवर नाही. भाषा सांभाळा.

जुना आर्टिकल: दोन महिन्यांचं काय रडता? सीएची आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्याआधीची सक्तीची उमेदवारी, आमच्या वेळी तीन वर्षं होती, 2023 पासून दोन झाली. पण किमान स्टायपेंड सीए इन्स्टिट्यूटने ठरवून दिलेला, म्हणून मिळायचा तरी. 1961 च्या कायद्याखाली अप्रेंटिस म्हणून नोंदवलं तर विद्यावेतन द्यावंच लागतं. नुसतं 'इंटर्न' म्हटलं की सगळी साहेबांची मर्जी. मुळात पैसे न देता काम करून घेणं चूकच.

गिरगावकर: पैसे द्यावेत, मान्य. करूच नये, हे अमान्य.

कल्याणची: बरं, त्या शून्य रुपयांत मी एक्सेलमधलं पिव्होट टेबल शिकले आणि पुढच्या इंटरव्ह्यूत नेमकं तेच विचारलं. झालं समाधान? पण ते दोन महिने बाबांच्या खिशातून गेले. ज्याचे बाबा देऊ शकत नाहीत, तो मे महिन्यात क्लासमध्ये शिकवतो. त्याच्या बायोडेटात बीकेसी कुठून येणार?

लोकलपीडित: पण पासाचं कुणी बोलणार आहे का?