२५ लाखांचं बजेट, पाच प्रस्ताव: सीएनसी शॉपमध्ये आधी काय घ्यावं?

प्लांट_भोसरी
नमस्कार मंडळी. ऑटो पार्ट्सचं मशीन शॉप आहे. २४ टर्निंग सेंटर, १२ व्हीएमसी (उभी मिलिंग मशिन्स), ६ ग्राइंडिंग; तीन शिफ्ट. टर्निंग-व्हीएमसीला फानुक कंट्रोलर, ग्राइंडिंग जुनी, रिले लॉजिकवरची. कारभार टॅली आणि एक्सेलवर. यंदा डिजिटलसाठी २५ लाख मंजूर झालेत आणि समोर पाच प्रस्ताव आहेत: ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर), सगळ्या ४२ मशिन्सचं ओईई मॉनिटरिंग (मशीन खरंच किती वेळ आणि किती वेगाने चांगला माल काढतं त्याचं मोजमाप), व्हायब्रेशन सेन्सरवरचं प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स (बिघाड आधीच ओळखणं), कॅमेरा इन्स्पेक्शन, वीज मॉनिटरिंग. डिलिव्हरी ग्राइंडिंगला अडकते. कस्टमर ऑडिट तीन महिन्यांवर आलंय आणि मागच्या ऑडिटमधला ट्रेसेबिलिटीचा (तयार नगावरून कच्च्या मालापर्यंत माग काढण्याचा) मुद्दा अजून उघडा आहे. क्रम कसा लावू?

शॉपफ्लोअर_नाशिक
ट्रेसेबिलिटी तुमच्या यादीतच नाही, आणि तीच पहिली आहे. आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाची अट आहे, तिथे पेबॅक काढत बसू नका. त्यासाठी ईआरपीही लागत नाही. क्रेटवर क्यूआर लेबल, दोन प्रिंटर, पाच-सहा स्कॅनर आणि साधा डेटाबेस एवढ्यात काम होतं. स्कॅन तीन जागी हवाच: माल आवक, हीट ट्रीटमेंटहून परत आल्यावर, पॅकिंग. साखळी बहुतेक वेळा मधल्या टप्प्यावर तुटते, कारण बाहेरून हीट ट्रीटमेंट करून देणारा जॉबवर्कवाला दोन हीट नंबरचा (पोलादाच्या वेगवेगळ्या वितळींचा) माल एका चार्जमध्ये, म्हणजे भट्टीच्या एकाच खेपेत, टाकतो. त्याच्या चलनावर चार्ज नंबर आणि हीट नंबर दोन्ही लिहून घ्या. रिवर्कचा माल परत कोणत्या क्रेटमध्ये जातो, तेही ठरवा. साधं थर्मल लेबल कूलंट आणि तेलात दोन दिवसांत पुसट होतं; पॉलिस्टर लेबल आणि रेझिन रिबन घ्या.

दुसरा नंबर मॉनिटरिंगचा, पण फक्त ६ ग्राइंडिंगवर. टर्निंगचा तास वाचवलात तर ग्राइंडिंगपुढचा ढीग वाढेल, डिस्पॅच वाढणार नाही. ग्राइंडिंगच्या तासाची किंमत उलाढालीवर काढू नका, काँट्रिब्युशनवर काढा. सायकल ९० सेकंद म्हणजे तासाला ४० नग. विक्रीतून मटेरियल, जॉबवर्क आणि कन्झ्युमेबल वजा जाता नगामागे ₹१८ राहत असतील तर तासाचे ₹७२०. सहा मशिन्सवर रोज एकेक तास सोडवला तर २५ दिवसांत १५० तास, म्हणजे ₹१,०८,०००. प्रत्येक प्रस्ताव याच मापाने मोजा, खर्चात एएमसी (वार्षिक देखभाल करार) आणि वायरिंगही धरा.

आणि सेन्सरच्या आधी तीन आठवडे कागद. ग्राइंडिंगवर तिन्ही शिफ्टला थांबण्याची कारणं टिपायची: सेटिंग, व्हील बदल, ड्रेसिंग (व्हीलला पुन्हा धार-आकार देणं), जॉबची वाट, क्यूए (गुणवत्ता विभाग) अप्रूव्हलची वाट, ऑपरेटर नाही, ब्रेकडाऊन. आठ-दहापेक्षा जास्त कारणं देऊ नका, नाहीतर सगळं 'इतर'मध्ये जातं. फर्स्ट पीस अप्रूव्हलची (सेटिंगनंतरचा पहिला नग क्यूएकडून पास होण्याची) वाट सगळ्यात मोठी निघाली, तर गेज मशीनपाशी आणून ठेवा. सॉफ्टवेअरने ती वाट कमी होत नाही.

पॅनेलवायर
जुन्या ग्राइंडिंगचा सिग्नल कुठून घ्यायचा, इथे हमखास फसगत होते. व्हेंडर व्हीलहेड मोटरवर सीटी (करंट मोजणारा सेन्सर) लावून मोकळा होतो. व्हील दिवसभर फिरत असतं, त्यामुळे जॉब नसतानाही स्क्रीनवर मशीन 'चालू'. सिग्नल सायकल रिलेवरून घ्या आणि ड्रेसरच्या सोलेनॉइडचा वेगळा घ्या, म्हणजे ड्रेसिंग उत्पादनात मोजलं जाणार नाही. अशा पॅनेलमध्ये कंट्रोल व्होल्टेज बऱ्याचदा ११० व्होल्ट एसी असतं. आधी मोजा, मगच हात घाला. तेवढ्याच व्होल्टच्या कॉइलचा इंटरपोझिंग (मधला, दोन सर्किट वेगळी ठेवणारा) रिले लावून त्याचा कोरडा, म्हणजे स्वतःचं व्होल्टेज नसलेला, कॉन्टॅक्ट मॉनिटरिंगच्या २४ व्होल्टच्या इनपुटला द्या. फानुकचं पुढे बघू, इथरनेट पोर्ट असेल तर फोकस (FOCAS) या फानुकच्याच सॉफ्टवेअर इंटरफेसमधून डेटा मिळतो.

पार्टवार सायकल टाइमचा मास्टर आधी बरोबर करा. तो जुना असेल तर परफॉर्मन्स (ठरलेल्या वेगाच्या तुलनेत प्रत्यक्ष वेग) ११२ टक्के दाखवतो आणि मग त्या स्क्रीनवर कोणाचाच विश्वास राहत नाही.

ऊर्जा_ऑडिट
वीज मॉनिटरिंगला आत्ता पैसे नकोत. आधी साप्ताहिक सुट्टीला कॉम्प्रेसरच्या हवेची गळती मोजा. सगळी मशिन्स बंद, लाइनमध्ये प्रेशर, आणि लोड-अनलोडची वेळ लिहायची. ३०० सीएफएमचा (मिनिटाला ३०० घनफूट हवा देणारा) कॉम्प्रेसर १.५ मिनिट लोड आणि ४ मिनिटं अनलोड होत असेल तर गळती ३०० × १.५ ÷ ५.५, म्हणजे सुमारे ८२ सीएफएम. सीएफएमला ०.१८ किलोवॅट धरले तर जवळजवळ १५ किलोवॅट वाया. वर्षाला ६,००० तास चालला तर ९०,००० युनिट. गळत्या सापडतात त्या कपलिंग, एफआरएल (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटर) आणि एअर गनच्या नळ्यांवर.

एचटी (उच्च दाब) कनेक्शन असेल तर एप्रिल २०२० पासून महावितरणचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टरचा तोटाही धरणाऱ्या युनिटवर, येतं. पॉवर फॅक्टर घसरला की थेट युनिट वाढतात, म्हणून कपॅसिटर बँकेचे सगळे स्टेप खरंच चालू आहेत का, तेही बघा.

प्लांट_भोसरी
फार उपयोगी. मग ईआरपी पुढच्या वर्षावर टाकू? कॅमेरा आणि व्हायब्रेशनचं काय?

स्टोअर्स_ते_प्लॅनिंग
ईआरपी खरेदी पुढे टाका, त्याची तयारी मात्र आजपासून करा. इथे मी वरच्यांपेक्षा जरा आग्रही आहे. एकच इन्सर्ट (कटिंग टूलचं बदलायचं पातं) तीन कोडखाली पडलेला असतो, बीओएममध्ये (पार्टला लागणाऱ्या मालाच्या यादीत) जुनं रिव्हिजन असतं, आणि त्याच डेटावर एमआरपी (ईआरपीतलं मटेरियलची गरज काढणारं गणित) चालवलं की खरेदीच्या चुकीच्या सूचना निघतात. रोज २० आयटम मोजा, महागडे आधी. पुस्तकी आणि प्रत्यक्ष साठा ९५ टक्के आयटममध्ये जुळेपर्यंत डेमोसुद्धा मागवू नका.

शॉपफ्लोअर_नाशिक
कॅमेरा: पार्टवर तेलाचा थर असेल तर चमक दोष म्हणून पकडली जाते आणि चांगला माल रिजेक्ट होतो. वॉशिंग आणि लाइटिंग ठरल्याशिवाय ऑर्डर नको. व्हेंडरला तुमचे चांगले-वाईट मिळून १०० नग द्या, तीन वेळा तपासून निकाल जुळतो का बघा. व्हायब्रेशन: तुमच्या कागदी नोंदीत स्पिंडल बेअरिंगचं ब्रेकडाऊन वरच्या तीन कारणांत आलं तरच.

कॉन्ट्रॅक्टमध्ये दोन ओळी घाला: कच्चा डेटा सीएसव्हीत कधीही काढता यावा, आणि शेवटचे ३० टक्के पैसे आठ आठवड्यांच्या चाचणीनंतरच.

ऑडिटच्या महिनाभर आधी डिस्पॅचमधला कोणताही एक बॉक्स उचलून हीट नंबरपर्यंत मागे जाऊन बघा. तासाभरात पोचलात तर मुद्दा बंद करायला अर्ज करा. नाहीतर कुठल्या स्कॅनला अडकलं ते इथे लिहा.