खरेदीप्रमुखाचं काम दर पाडण्यापुरतं नाही

खरेदीप्रमुखाने वर्षात किती पैसे वाचवले यावरच त्याचं मोजमाप व्हावं, हे मत मला अजिबात पटत नाही. दर हा खर्चाचा फक्त दिसणारा भाग. वाहतूक, साठा, नाकारलेला माल, एक सुटा भाग उशिरा आल्याने बंद पडलेलं उत्पादन, हे सगळं धरलं की सर्वांत स्वस्त कोटेशन बरेचदा महाग पडतं.

व्यवस्थापन सल्लागार पीटर क्रालजिक यांनी 1983 मध्ये नफ्यावरचा परिणाम आणि पुरवठ्यातली जोखीम या दोन निकषांवर खरेदीचे चार गट पाडले. ते आजही उपयोगी आहेत. दहा पुरवठादार असलेल्या वस्तूसाठी खुशाल घासाघीस करा. पण किरकोळ किमतीच्या, एकाच ठिकाणी मिळणाऱ्या भागासाठी दर ताणणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. तिथे आधी साठा वाढवा, दुसरा पुरवठादार मंजूर करून घ्या. (ही मंजुरी डिझाइन आणि क्वालिटीवाल्यांशिवाय मिळत नाही, त्यांच्याशी संबंध आधीपासून हवेत.)

आणखी एक. मागणी करणारा, ऑर्डर काढणारा, माल ताब्यात घेणारा आणि बिल मंजूर करणारा माणूस एकच असता कामा नये. ‘तातडीचं आहे’ म्हणून हा नियम वाकवायला सांगणारे फोन येतातच. फोन कोणाचाही असो, मी कारण लेखी मागतो.