अनुभव धागा: वूलिच फेरी आणि तिच्या बोटींवरची नावं

एप्रिल २०२५ मध्ये थेम्स नदीखालचा सिल्व्हरटाउन बोगदा सुरू झाला, शेजारच्या ब्लॅकवॉल बोगद्यालाही टोल लागला, आणि पूर्व लंडनमधली मंडळी पुन्हा थेम्सवर गाड्या नेणाऱ्या वूलिच फेरीची चौकशी करू लागली. त्यावरून फेरीच्या १९६३च्या तीन बोटी आठवल्या: जॉन बर्न्स, अर्नेस्ट बेव्हिन, जेम्स न्यूमन. फेरी २३ मार्च १८८९ पासून फुकट. बर्न्स ज्या गोदी संपाचे पुढारी, तोही १८८९चाच. बेव्हिन कामगार पुढारी, मग परराष्ट्रमंत्री, शेवटी वूलिच ईस्टचे खासदार. न्यूमन इथले महापौर. माहीतगारांनी लिहा.

डिझेलवाला
त्या तिघींना नेहमीचा पंखा (प्रोपेलर) नव्हताच. दोन्ही टोकांना एकेक फॉइट-श्नायडर यंत्र, प्रत्येकाला वेगळं डिझेल इंजिन. फिरत्या तबकडीखाली उभी पाती. पात्यांचा कोन बदलला की जोर हव्या त्या दिशेला. म्हणून थेम्सच्या ओढीतही बोट आडवी सरकते. पात्यांत दोर किंवा वाहतं लाकूड गेलं की मात्र काम थांबलं.

गणितप्रेमी
आधीच्या वाफेच्या बोटी विसरू नका! गॉर्डन, डंकन, हटन. गॉर्डन म्हणजे खार्टूमचे जनरल, जन्म वूलिचचा. हटन इथल्या लष्करी अकादमीतले गणिताचे प्राध्यापक. पृथ्वीची घनता काढणारे. गणितज्ञाच्या नावाची बोट, किती छान.

मालट्रक
उत्तरेकडे जाणाऱ्या ब्लॅकवॉलमध्ये उंचीची मर्यादा ४ मीटर. उंच ट्रकला आता सिल्व्हरटाउन किंवा फेरी. उंची ताडपत्री, दोरखंड धरून मोजा, नुसती पाटी वाचून नको. बोटीवर गेल्यावर हँडब्रेक, इंजिन बंद. एकच बोट चालू असेल तर रांग लांबते, निघण्याआधी तपासा.

पायी
@मालट्रक दाट धुक्यात फेरी बंद. चालणाऱ्यांना १९१२चा पादचारी बोगदा आहे, ५०४ मीटर. सायकल हातात धरून न्यायची.

दोरखंड
नव्या दोघींपैकी एकीवर बेन वूलॅकॉटचं नाव आहे. तो याच फेरीवरचा खलाशी, १९ वर्षांचा. ऑगस्ट २०११ मध्ये बोट सोडताना दोराने त्याला पाण्यात ओढलं. म्हणून डेकवरच्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं: सैल दोराच्या वेढ्यात पाय नको, दोर ताणात असताना त्याच्या रेषेत उभं राहू नका, आणि दोर सुटल्याची खूण मिळेपर्यंत इंजिनाला जोर देऊ नका. जनरल, मंत्री यांच्यानंतर बोटीवर खलाशाचं नाव आलं, हे फार योग्य झालं.

ताई_ईस्टहॅम
🙏 दुसरी डेम व्हेरा लिन. गायिका, जन्म आमच्या ईस्ट हॅमचा. दोन्ही बोटी पोलंडमध्ये ग्दान्स्कला बांधल्या, २०१९ पासून चालू.

दाभोळकर
तिथे भरती-ओहोटीप्रमाणे वरखाली होणारा पूल आहे ना धक्क्याला? आमच्या दाभोळच्या जंगलजेट्टीला (गाड्या नेणारी फेरीबोट) बोटच फळी टाकते उतारावर.

मालट्रक
हो, बिजागरीचा. ओहोटीला मग गाडी कशी चढवता?

दाभोळकर
उताराचा खालचा भाग शेवाळलेला असतो. पहिला गियर, क्लच अर्धवट दाबायचा नाही, मध्ये थांबायचं नाही. दुचाकीला पुढचा ब्रेक नको. गाडीची चेसिस जमिनीलगत असेल तर तिरकी घ्या, नाहीतर फळीच्या कडेला घासते.